दबलेला रंग

अनंतरावांनी अंडी उबवायच्या थर्माकोलच्या पेटीवरची काच उचलली. आत बल्बच्या पिवळ्या उजेडात, फुटलेल्या टरफलांच्या पसाऱ्यात, नेहमीची काळपट तपकिरी पिल्लं एकमेकांच्या डोक्यावर पाय देत फिरत होती. अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठं एकही नव्हतं. आणि त्यांच्यात एक पिल्लू लोण्याच्या रंगाचं होतं. त्याच्या पाठीवर पट्टा नाही, डाग नाही. ते एका कोपऱ्यात उभं राहून डुलक्या घेत होतं, जसं काही आपण कोण आहोत याचा त्याला पत्ताच नव्हता. अनंतरावांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. पिल्लू तसंच होतं. मोठं झालं की ते राखाडी चंदेरी होणार, चिनी बटेराची, म्हणजे लावरीची, ती चांदी, जिच्यासाठी त्यांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं मागच्या व्हरांड्यात पिंजऱ्यांपुढे उकिडवं बसून घालवली होती आणि गुडघ्यांची माती करून घेतली होती. "यमू!" ते ओरडले. "अगं आली! चांदी आली!"

यमुनाबाई स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी बटाटेवड्यांची तयारी करत होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन त्या दारात आल्या. "कुणाला आली?"

"खंडू-अनुसयेला!"

"अहो, पण ती दोघं भावंडं ना?"

"सख्खी! म्हणून तर आली!"

हे वाक्य अनंतराव इतक्या आनंदात आणि इतक्या मोठ्यानं बोलले की ते भिंतीवर आपटून त्यांच्याच कानात परत आलं. यमुनाबाईंनी आधी शेजारच्या चतुर्वेद्यांच्या बाजूची खिडकी लावली. मग जवळ येऊन, आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "आज दुपारी मऊरानीपुरची माणसं यायचीत. पोरीच्या लग्नाची गोष्ट आहे. त्यांच्यासमोर यातलं एक अक्षर तोंडातून निघालं ना, तर बघ अंत्या."

अंत्या. लग्न झाल्यापासून त्या त्यांना अहो म्हणत आल्या होत्या. अंत्या फक्त फार रागाच्या किंवा फार भीतीच्या वेळी निघायचं. कारण लग्नाच्या कितीतरी आधीपासून, शेंबूड पुसायची अक्कल नव्हती तेव्हापासून, त्या त्यांना अंत्याच म्हणत होत्या. त्या त्यांच्या मामाची मुलगी होत्या. कोरेगावकडच्या त्या गावात ही गोष्ट सांगण्यासारखी सुद्धा नव्हती. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेलेल्या अंत्याला विहिरीवर, ओसरीवर, जत्रेत, जो भेटेल तो म्हणायचा, काय जावईबापू, आपली बायको बघायला आला वाटतं. आणि ही बायको त्या वेळी झाडावर बसून त्याच्या डोक्यात चिंचोके मारत असायची. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, एवढी साधी गोष्ट होती. अनंतराव रेल्वेत लागले, झाशीला वॅगन दुरुस्तीच्या कामावर आले, रजा काढून गावी गेले आणि हक्काची बायको घेऊन झाशीच्या नगरा वस्तीतल्या खोलीत परतले. आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या चतुर्वेदी भाभी ओळख करून घ्यायला आल्या, आणि बसल्या बसल्या त्यांनी ओरछा गेटमधल्या एका मुलाची हकिगत सांगितली. त्यानं आपल्या मामाच्या मुलीशी कोर्टात जाऊन लग्न केलं होतं. बापानं जिवंत पोराचं पिंडदान केलं. "बहन से, भाभी जी! बहन से!" असं म्हणून चतुर्वेदी भाभींनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. यमुनाबाईंच्या हातात तेव्हा चहाची किटली होती. त्यांनी सुद्धा एका हातानं एका कानाची पाळी धरली.

त्या संध्याकाळी नवराबायकोनं दार लावून ठरवलं की ही गोष्ट झाशीत कुणाला कळता कामा नये. लपवायला फारसं काही करावं लागलं नाही. यमुनाबाईंचे वडील भेटायला आले आणि अनंतरावांनी त्यांना मामा म्हटलं, की चतुर्वेदीजी विचारायचे, आपके यहाँ ससुर को मामा कहते हैं? आणि ते खरंच होतं, आपल्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात, मग तो सख्खा असो नसो. अनंतराव छातीवर हात ठेवून म्हणायचे, हाँ जी, रिवाज है. खोटं बोलल्यासारखं वाटायचं नाही आणि खरं बोलल्याची धास्तीही नसायची. अशानं सगळं आयुष्य गेलं. माणसाला एखादा सदरा काखेत काचत असावा आणि तरी त्यानं तोच घालत राहावं, तसं त्यांना ते आत कुठेतरी काचत राहिलं. आपण काही पाप केलेलं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण झाशीत राहून राहून त्यांना कधी कधी वाटायचं की आपण कोरेगावात पाप केलं नाही, पण झाशीत केलं. हे कसं होतं ते त्यांना कधीच नीट उलगडलं नाही.

बकुळ झाली तेव्हा एक नवीनच उपद्रव उभा राहिला. थोरला उत्तम काळ्याभोर डोळ्यांचा, आईबाप काळ्या डोळ्यांचे, आणि ही पोर मात्र घारी. नुसती घारी नाही, हिरवट पाण्याचे, मांजरीसारखे डोळे. सुईणीनं विचारलं, किस पर गयी? चतुर्वेदी भाभींनी काही विचारलं नाही, पण त्या काळी गल्लीच्या टोकाला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा, आणि त्याच्या दाराकडे त्यांची नजर एकदा जाऊन आली. ती नजर यमुनाबाईंनी पाहिली आणि रात्रभर रडल्या. मग अनंतराव गावी जाऊन बापूरावांचा फोटो घेऊन आले. फेटा, पांढऱ्या मिशा, आणि काळ्यापांढऱ्या फोटोतही ओळखू येणारे ते फिकट डोळे. फोटो बैठकीत लागला. येईल त्याला यमुनाबाई सांगू लागल्या, ये इनके नाना. बकुल इन पर गयी. बापूराव अनंतरावांच्या आईचे वडील होते यात काही खोटं नव्हतं. ते यमुनाबाईंच्या वडिलांचेही वडील होते, एवढंच गाळलेलं होतं.

आता पेटीपुढे बसलेल्या अनंतरावांच्या डोक्यात ते लोण्याच्या रंगाचं पिल्लू आणि बापूरावांचा फोटो एकमेकांना हळूच येऊन लागले. आश्चर्य म्हणजे आजवर लागले नव्हते. लखनौच्या बाजारातून त्यांनी जो नर आणला होता, त्याचं नाव भाऊसाहेब. दिसायला तो चारचौघांसारखा, छाती निळी, गळ्याखाली काळंपांढरं उपरणं. पण विकणारा म्हणाला होता, बाबूजी, चाँदी के घर का है, रंग अंदर दबा है. भाऊसाहेबांना हौसाबाई नावाची साधी मादी दिली. सगळी पिल्लं तपकिरी. यमुनाबाई म्हणाल्या, फसवलं तुम्हाला. पण अनंतराव जाणकारांना विचारून आले होते. दबलेला रंग एकट्यानं वर येत नाही. दोन्हीकडून एकाच घरचं दबलेलं येऊन मिळालं तरच तो उजेडात येतो. म्हणून भावाला बहीण द्यायची. त्यांनी त्या पिल्लांतल्या भावंडांच्या जोड्या लावल्या, खंडू-अनुसया त्यांतलीच एक, बिचकल्यावर हे पक्षी सरळ वर उडतात आणि डोकं फोडून घेतात म्हणून पिंजऱ्यांना आतून जुन्या घोंगडीचं छत शिवलं, पिल्लं बुडू नयेत म्हणून पाण्याच्या वाटीत गोट्या टाकल्या, आणि वाट पाहिली. आणि हे सगळं करताना, दुधवाल्यानं जरी सहज विचारलं, ये जोड़ी कहाँ की, तरी त्यांच्या तोंडून चटकन निघायचं, नर लखनऊ का, मादा कलकत्ते की. पाखरांची सुद्धा सोयरीक ते लपवत होते. खंडू आणि अनुसयेला याची काही लाज नव्हती. खंडू चोचीत दाणा धरून अनुसयेला बोलवायचा आणि ती सगळ्या झाशीसमोर तो खायची. आणि मूळ दाखला तर त्यांच्या घरातच होता की. दोन्हीकडून एकाच घरचं. बापूराव आईतून त्यांच्यात दबले, मामातून यमूत दबले, आणि बकुळमध्ये वर आले. अनंतरावांना एकदम हसू फुटलं. "यमू," ते हाक मारणार होते, "अगं, आपली बकुळ म्हणजे चांदी आहे!" पण खिडकी लावलेली त्यांनी पाहिली आणि काच हळूच पेटीवर परत ठेवली.

बकुळ बाहेरून आली. ती एका खासगी शाळेत गणित शिकवायची, आणि ज्याच्या घरची माणसं आज यायची होती तो आलोक कनकने तिथेच विज्ञान. मराठी तिला सगळं समजायचं, पण बोलताना ते अर्ध्या वाटेवर हिंदी व्हायचं. "बाबा, तुम्ही आज बटेरची बात मत काढना हं," ती म्हणाली. "आईनं बोलली मला."

"नाही काढणार. पण तुला माहीत आहे का, आज..."

"बाबा!"

पाहुणे दुपारी आले. आलोकचे वडील हरिनारायण कनकने मऊरानीपुरचे धान्याचे व्यापारी, अंगानं भरलेले, शांत. बोलण्याआधी समोरच्याकडे असे बघायचे की पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसून मूठभर धान्य बाहेर काढतात त्याची अनंतरावांना आठवण यायची. त्यांची बायको डोक्यावर पदर घेऊन आली आणि बसताच सगळ्या खोलीचा ताबा तिनं घेतला. आलोक बिचारा दाराजवळच्या खुर्चीत शाळेतल्या मुलासारखा बसला. उत्तम बबीन्याच्या लष्करी छावणीत होता. त्याची छोटी मुलगी इंदू तेवढी आजीकडे होती, आणि ती बर्फीच्या ताटलीवर डोळा ठेवून पाहुण्यांच्या पायांत फिरत होती. वडे झाले, चहा झाला, गव्हाचा भाव झाला. व्हरांड्यातून खंडूनं शीळ घातली. कनकने म्हणाले, "बटेर पाले हैं?" अनंतराव म्हणाले, "जी, यूँ ही," आणि त्यांना स्वतःच्या संयमाचं फार कौतुक वाटलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की ते मनातल्या मनात हॉल ठरवू लागले होते.

मग बकुळ पाणी घेऊन आली. कनकने बाईंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "मोड़ी की आँखें तो बड़ी नोनी हैं," त्या आपल्या बुंदेलीत म्हणाल्या, पोरीचे डोळे फार छान आहेत. "किस पर गयीं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या घरात पाठ होतं. अनंतरावांनी भिंतीकडे बोट केलं. "वो मेरे नाना. बापूराव जी. बिल्कुल वही आँखें."

कनकने बाईंनी फोटो पाहिला, बकुळकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली. "हओ. तो बाप के घर से आयीं. मताई का तो कछू नईं लओ मोड़ी ने," त्या हसून म्हणाल्या. आईचं काही घेतलंच नाही पोरीनं. त्यात वाईट काहीच नव्हतं, बायका म्हणतात तसं त्या म्हणाल्या होत्या.

यमुनाबाईंच्या हातातला ट्रे टेबलावर जरा जोरात टेकला. "मेरे दादा हैं वो," त्या म्हणाल्या.

अनंतरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या गालावर लाली चढली होती आणि ती थांबणार नव्हती. "मेरे दादा. मेरे बाप के बाप. मला कडेवर घेऊन जोंधळ्यात लावरीची अंडी दाखवायचे..." तिच्या लक्षातच आलं नाही की ती मराठीत गेली. आणि अनंतरावांना एकदम, कितीतरी वर्षांनी, एक दुपार आठवली. बापूराव गेल्याची तार आली होती. चतुर्वेदी भाभी आल्या आणि त्यांनी विचारलं, कौन गुज़र गये? यमू पदर तोंडाशी धरून म्हणाली होती, इनके नाना. आणि भाभी अनंतरावांचं सांत्वन करत बसल्या. ते खुर्चीत बसून सांत्वन घेत होते, आणि यमू, जिला बापूरावांनी वाढवलं होतं, ती आत त्यांच्यासाठी चहा करत होती. तेव्हा त्यांना ते खटकलंही नव्हतं. आपली युक्ती बिनबोभाट पार पडली म्हणून उलट बरंच वाटलं होतं. त्यांनी तिचा हक्काचा आजोबा भिंतीवर आपल्या नावानं टांगला होता आणि ती रोज त्याची काच पुसत होती. अनंतरावांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले. ही लाज झाशीची नव्हती आणि कोरेगावचीही नव्हती.

कनकने फोटोकडे बघत होते. इनके नाना, इनके दादा, एकच फेटा. व्यापाऱ्याचं डोकं हिशेबात कच्चं नसतं. बकुळ पाण्याचा ग्लास धरून उभी होती आणि आलोक चपलांकडे बघत होता. अजूनही सावरता आलं असतं. हिंदी कच्ची आहे हिची, असं म्हणून हसता आलं असतं. ती सवय होती. अनंतराव उभे राहिले.

"दोनों बात सही है," ते म्हणाले. "ये मेरे सगे मामा की बेटी है. हमारे यहाँ होता है ऐसा. अच्छा मानते हैं. हमने यहाँ किसी को बताया नहीं, ये हमारी गलती. ये इसके दादा हैं. पहले इसके. बाद में मेरे नाना." आणि मग, सत्य बोलायचंच आहे तर पुरतं बोलावं म्हणून, किंवा सकाळपासून ते पोटात मावत नव्हतं म्हणून, पुढे म्हणाले, "बकुल की आँखें भी इसी वजह से हैं. रंग दबा रहता है. दोनों तरफ से एक ही घर का मिले तो ऊपर आता है. आज सुबह बटेर में चाँदी निकली है. भाई-बहन की जोड़ी थी. आइए, दिखाता हूँ."

"अहो!" यमुनाबाई म्हणाल्या.

व्हरांड्यात काहीतरी पडलं, बहुधा मांजर, आणि घोंगडीच्या छतांवर एकामागून एक डोकी आपटल्याचे मऊ आवाज आले. कनकने सावकाश उठले. आता ही माणसं चपला घालणार, असं वाटून अनंतरावांनी डोळे मिटले.

"तो सच है," कनकने बायकोला म्हणाले.

"हओ," बायको म्हणाली. "मोड़ा सच कह रहो तो." पोरगा खरंच सांगत होता.

कळायला जरा वेळ लागला. बकुळनं आलोकला पहिल्याच वर्षी सगळं सांगून टाकलं होतं. आलोकनं घरी सांगितलं होतं. कनकन्यांनी विश्वास ठेवला नाही. मराठी माणसं, हिंदीत काहीतरी गडबड झाली असेल, मामा म्हणजे त्यांच्यात दुसरं काही असेल, असं ते धरून चालले होते. बाईंनी मात्र विश्वास ठेवला होता. "हमने एक महीना ढंग से रोटी नईं खायी," त्या यमुनाबाईंना म्हणाल्या. "खूब रोये. मोड़े को खूब गालियाँ दीं. अब कित्ता करें, समधिन जू? थक गये." त्यांनी नव्या विहिणीचा हात ओढून त्यांना शेजारी बसवलं. "दादा तुम्हारे थे, तो तुम्हारे कहो. काहे दूसरे को दे दिये?" यमुनाबाई रडू लागल्या. बापूरावांसाठीचं ते रडणं बरंच उशिरा आलं होतं, आणि या वेळी चहा करायला बकुळ गेली.

कनकने व्हरांड्यात जाऊन चांदी बघून आले. पिल्लू त्यांना आवडलं. तेवढ्यात इंदू बर्फीची ताटली ओढून दिवाणाखाली शिरली. परत आल्यावर कनकन्यांनी शेवटची परखी खुपसली. "जगदाळे जी, हमारे घराने से तो आपका कोई नाता नहीं न? कहीं दूर का भी?"

"नहीं जी! कोसों तक नहीं!"

"तो ठीक है," कनकने म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा काढला. कनकने बाईंचा चेहरा मात्र थोडा विचारात पडला होता. "काए समधी जी," त्या म्हणाल्या, "तो हमाये नाती की आँखें ऐसी हुइएँ के नईं?"

नातवाचे डोळे असेच होतील, असं त्या क्षणी म्हणून टाकलं असतं तर सगळं गोड झालं असतं. पण रंगाच्या बाबतीत अनंतराव खोटं बोलू शकत नव्हते, आणि आता तर कशाच्याच बाबतीत बोलायचं नाही असं त्यांनी नुकतंच ठरवलं होतं. "नहीं जी," ते खेदानं म्हणाले. "बाहर का खून मिला तो रंग दब जाएगा. सब बच्चे काली आँख के होंगे. पर अंदर रहेगा. पक्का रहेगा."

"अंदर रह के का करहै? बाहर लाबे को कछू उपाय?" कनकने बाईंनी विचारलं.

"है न!" अनंतराव उत्साहानं म्हणाले. "बहुत आसान उपाय है. उत्तम में भी दबा होगा. तो बकुल का जो लड़का होगा, उसे अगर मामा की..."

यमुनाबाईंनी डोळे पुसायचे थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. चहा घेऊन आलेली बकुळ दारात थबकली. अनंतरावांचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच, बटेरांविषयी बोलता बोलता, ते आपल्या आपण मिटलं. "चाय लीजिए," ते म्हणाले. कनकने बाई अजून उत्तराची वाट बघत होत्या. उपाय दिवाणाखाली मांडी घालून बसला होता आणि पाहुण्यांच्या ताटलीतली शेवटची बर्फी खात होता.